तेलाची बाटली

माझ्या टेबलावर पेनं-पेन्सिली ठेवायला एक पेला आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा असला कसला हो पेला?" पेला अ‍ॅल्युमिनियमचा आहे, पण चांगला जाडजूड. दोन्ही अंगांना समोरासमोर दोन गोल भोकं, बुडाजवळ गोल फिरलेल्या खाचा, आणि एका बाजूला उभे ओरखडेच ओरखडे. मांजरीनं पंजा मारावा तसे. ओळखा पाहू काय आहे ते?

मोटारसायकलचा पिस्टन आहे तो. उलटा ठेवला की झाला पेला! आणि त्याच्यावरचे ते ओरखडे माझ्यामुळे पडलेले आहेत. कसे, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

गोष्ट १९८८ सालच्या मे महिन्यातली. आठवीची परीक्षा देऊन मी नुकताच मोकळा झालो होतो. आम्ही वाईला राहायचो. बाबा पाचगणीला एका कचेरीत कारकून होते. रोज सकाळी पसरणीचा घाट चढून जायचे आणि संध्याकाळी उतरून यायचे. त्यांच्या जावावरून!

जावा हे मोटारसायकलचं नाव आहे बरं का. मूळची ती तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली. तिथल्या यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून हे नाव तयार केलं. तिकडचे लोक 'यावा' म्हणतात, आपण म्हणतो 'जावा'. आपल्याकडे १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली. बाबांची गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि दुसऱ्याच्या हातची घेतलेली. तिची एक गंमत होती. किक आणि गिअर यांचा दांडा एकच! आत दाबून वर फिरवला की किक, मारून पुन्हा खाली आणला की गिअर. कुणी नवखा माणूस गाडीवर बसला की किक शोधत बसायचा आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो.

ही गाडी टू-स्ट्रोक. आता रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या मोटारसायकली फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनाच्या तळाशी तेल भरलेलं असतं आणि ते सगळीकडे फिरत राहतं. आमच्या जावाच्या पिस्टनला असं तेल मिळायची सोय नव्हती. त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. पेट्रोल आत गेलं की त्याच्याबरोबर तेलही जाणार आणि पिस्टनला, बेअरिंगला लागणार. बाबांचं माप ठरलेलं होतं. एका लिटरला ४० मिलिलिटर. पाच लिटर पेट्रोल आणायचं असलं की ते खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत २०० मिलिलिटर तेल मोजून देत. आधी डब्यात तेल ओतायचं, मग त्यावर पेट्रोल घ्यायचं, म्हणजे दोन्ही छान मिसळतं.

त्या शनिवारी संध्याकाळी टाकी अगदी कोरडी झाली होती. बाबांनी मला सायकलवर पंपावर पिटाळलं. तेव्हा पंपावर डब्यात पेट्रोल मिळायचं. एका हँडलला डबा, दुसऱ्याला पिशवी आणि पिशवीत तेलाची बाटली. वाटेत आमच्या आळीतली पोरं भेटली. कृष्णेच्या वाळवंटात मॅच ठरली होती आणि एक गडी कमी पडत होता. "लवकर ये रे!" म्हणून ओरडत ती पुढे गेली. मग काय विचारता! पंपावर डबा भरला, धापा टाकत घरी आलो, डबा टाकीत रिकामा केला, पिशवी खुंटीला अडकवली आणि धूम ठोकली.

रात्री आजीनं मिरच्या आणायला तीच पिशवी मागितली. पिशवी हातात घेतली तर जड लागली. आत बाटली. तेलानं गच्च भरलेली.

छातीत धस्स झालं. तेव्हाच बाबांना सांगायला हवं होतं. बाबा ओसरीवर रेडिओ ऐकत होते. दहा पावलांवर. पण मॅचच्या नादात विसरलो हे सांगायचं म्हणजे बोलणी बसणार, शिवाय मॅचही बंद होणार. मनात म्हटलं, उद्या रविवार, गाडी जागची हलत नाही. उद्या गुपचूप टाकीत ओतून टाकू. बाटली मी कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागे लपवली. रविवारी पुन्हा मॅच होती. आणि सोमवारी मी उठलो तेव्हा बाबा गेलेले होते.

दहाच्या सुमारास बाबा गाडी ढकलत दारात आले. शर्ट घामानं चिंब, विजारीचा गुडघा फाटलेला आणि आत रक्त. घाट चढताना एका वळणावर इंजिन एकदम आवळलं होतं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी फरफटत कठड्याकडे गेली. बाबांनी त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून चाक सुटलं आणि गाडी कठड्याला टेकून आडवी झाली. कठड्यापलीकडे काय आहे ते पसरणीचा घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, ब्रेक लावत लावत ते घाट उतरले आणि पुढे ढकलत घरी आले.

आई त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होती आणि मी दाराआड उभा होतो. सांगायची ही दुसरी वेळ होती. तीही मी घालवली.

बाबांना मेस्त्रीची मजुरी परवडणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना हे काम करायची हौसही होती. म्हणाले, "आपणच उघडू या. तू आहेसच मदतीला." आमचं गॅरेज म्हणजे आजोबांच्या वेळचा गोठा. गाईगुरं केव्हाच गेली होती, पण दावणी तशाच होत्या. तिथं रोज संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर काम चालायचं.

उघडण्याआधी बाबांनी मला दोन गोष्टी बजावल्या. पेट्रोल असेल तिथं कंदील नाही, काडी नाही. आणि निघेल तो प्रत्येक भाग कागदावर लिहायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ताईनं इंजिनाचं मोठं चित्र काढलं. श्रीखंडाचे रिकामे डबे आणि काडेपेट्या ओळीनं मांडल्या. 'कार्बोरेटरचे नट', 'हेडचे नट व वायसर' अशा चिठ्ठ्या त्यांना चिकटवल्या. बाबा म्हणायचे, "उघडणं सोपं असतं रे. कुणीही उघडेल. जसं होतं तसं परत बसवायचं, ते अवघड."

मला त्यांनी टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. मग कार्बोरेटर निघाला, दोन्हीकडचे सायलेन्सर निघाले, प्लग निघाला. हेडचे नट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचे दोन थोडे सैल, मग दुसरे दोन थोडे सैल, असं करत जायचं. नाहीतर हेड वाकतं. हेड उचललं आणि मी पहिल्यांदाच इंजिनाच्या पोटात डोकावलो. काळाकुट्ट पिस्टनचा माथा तेवढा दिसला. सिलिंडर काही निघेना. बाबांनी कडेनं रॉकेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लाकडाच्या ठोकळ्यानं चहूबाजूंनी हलकेच ठोकत ठोकत तो वर घेतला. खालचं तोंड उघडं पडताच त्यात स्वच्छ चिंधी कोंबली. का माहीत आहे? पिस्टनची पिन जागेवर धरायला दोन बारीक तारेच्या कड्या असतात. काढताना त्यातली एक जरी इंजिनात पडली, तर ती शोधायला अख्खं इंजिन फोडावं लागतं!

पिस्टन हातात आला. बाबांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. बाजू खरवडलेल्या, एक रिंग खाचेत चिकटून बसलेली. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरही अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पट्टे उठलेले.

"हे बघ," ते म्हणाले. "पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून दोघांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलं, तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो. तेल नसलं तर काय होईल? घासून आणखी तापेल, तापून आणखी फुगेल आणि सिलिंडरला मिठी मारून बसेल." मग थोडं थांबून म्हणाले, "हा पिस्टन तर सरळ म्हणतोय की तेल मिळालं नाही. पण तेल तर तू घातलंस."

विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता. मला वाटलं, कान धरून विचारतील तर किती बरं होईल! मी खाली बघून नट पुसत राहिलो.

मग बाबा दुसरं कारण शोधू लागले. कार्बोरेटर उघडून त्याचं बारीक भोक तीनदा फुंकून पाहिलं. स्वच्छ होतं. पेट्रोलचा कॉक पाहिला. ठीक होता. खालचा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून पाहिला. आडवा किंचित हलला तर चालतं, पण उभा हलता कामा नये. तो हलत नव्हता. "नशीब!" बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी सिलिंडर धुऊन गोणपाटात गुंडाळला आणि आम्ही एस.टी.नं साताऱ्याला गेलो. सिलिंडर माझ्या मांडीवर. तिथल्या कारागिरानं तो मोजून पाहिला आणि म्हणाला, "अर्धा मिलिमीटर कापावा लागेल. पिस्टनही अर्ध्यानं मोठा घ्या." मूळचा पिस्टन ६५ मिलिमीटरचा, म्हणजे नवा साडेपासष्टचा. मशीनवर सिलिंडर फिरायला लागला, आतून राखाडी भुगा गळू लागला आणि हळूहळू ओरखडे नाहीसे झाले. मी मन लावून बघत होतो. पण पैसे देताना बाबांनी खिशातून जे पाकीट काढलं ते मी ओळखलं. त्यावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सायकल'. ताई जूनमध्ये कॉलेजात जाणार होती. तिच्या सायकलीचे पैसे होते ते.

येताना एस.टी.त मी एक शब्द बोललो नाही. बाबांना वाटलं, गाडी लागली. त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि खिशातली आवळ्याची सुपारी दिली.

त्या रात्री मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. सगळे झोपल्यावर मी कोठीतून ती बाटली काढली आणि गोठ्यात गेलो. कोपऱ्यात पेट्रोलचा डबा होता. त्यात तेल ओतलं असतं की पुरावाच संपला! मी झाकण उघडलं. बाटलीही तिरकी केली. तेवढ्यात आजी खोकली आणि मी पळत येऊन अंथरुणात शिरलो. माझ्यात चांगुलपणा जागा झाला वगैरे काही नाही हं. नुसता घाबरलो.

रविवारी सकाळी सगळं तयार होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, आरशासारखा सिलिंडर. पण बाबा दावणीवर नुसते बसून होते.

"बसवायचं ना?" मी विचारलं.

"नाही बसवत," ते म्हणाले. "का बिघडलं ते कळल्याशिवाय इंजिन बंद करायचं नसतं. हाही पिस्टन तसाच जाईल. मला वाटतं, खालचे सील फाटले असणार. ते फाटले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. इंजिन उतरवून मेस्त्रीकडेच न्यावं लागेल. अख्खं फोडून बघू दे त्याला. आता पैसे कुठून आणायचे ते बघतो. सोसायटीचं कर्ज मिळतंय का विचारतो."

मी उठलो. कोठीत गेलो. बाटली आणली आणि बाबांच्या हातात ठेवली.

त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. मॅच, पिशवी, कणगी, आणि रात्रीचं डब्याचंही. सांगता सांगता रडायला लागलो.

बाबा काही बोलले नाहीत. उठून डब्यातल्या पेट्रोलचे दोन थेंब त्यांनी तळहातावर घेतले. क्षणात ते उडून गेले. हात कोरडा, पांढरा. मग माझ्याकडे तळवा करून म्हणाले, "बोट फिरव." मी फिरवलं. जरासुद्धा ओशट लागलं नाही.

"पिस्टन खरं बोलत होता," ते म्हणाले. "आणि मी त्याचं ऐकलं नाही. का, ते कळलं तुला?"

मी मान हलवली. मला चांगलंच कळलं होतं.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "विसरलास, त्याबद्दल काही म्हणत नाही. मीही विसरतो. पण शनिवारी रात्री मला हाक मारली असतीस, तर तेल टाकीत ओतून गाडी हलवली असती की काम झालं असतं. एका मिनिटाचं काम होतं रे. सोमवारी ते कठड्यापर्यंत गेलं. आज कर्जापर्यंत चाललं होतं." एवढं बोलून त्यांनी सुस्कारा सोडला आणि उठले. "चल. सील धड आहेत. निदान तेवढं तरी वाचलं. रिंगा घे."

त्या दिवशी जे काम केलं, ते मला आजही पाऊल न् पाऊल आठवतं. जाड कागदाचं पॅकिंग इंजिनाच्या तोंडावर ठेवून, कडेनं छोट्या हातोडीनं टिचक्या मारून ते नेमकं कापलं. रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांतली फट पत्तीनं मोजली. पाव मिलिमीटरच्या आसपास भरली. फट नसेल तर तापल्यावर रिंगही अडकून बसते. पिस्टनच्या खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगची टोकं बरोबर त्या खुंटीपाशी यायला हवीत, नाहीतर ती सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटतात. मी दोन्ही हातांनी रिंगा दाबून धरल्या आणि बाबांनी वरून सिलिंडर अलगद सोडला. "धरलंस?" "धरलं." "सोड आता." सुर्र्कन सिलिंडर खाली बसला. श्रीखंडाचे डबे एकेक करत रिकामे होत गेले. शेवटी एकही नट उरला नाही आणि एकही कमी पडला नाही.

मग बाबांनी तेलाचा डबा आणि ती बाटली माझ्यासमोर ठेवली. "आजपासून हे माप तुझ्याकडे. मी विचारणार नाही."

मी २०० मिलिलिटर मोजलं. हात थरथरत होते. पुन्हा एकदा मोजलं. सातव्या किकला निळा धूर सोडत जावा जागी झाली. आजी गोठ्याच्या दारात येऊन नाकाला पदर लावून म्हणाली, "उठली बाई एकदाची!"

नवा पिस्टन मुरेपर्यंत गाडी सावकाश चालवायची असते. काही दिवस तशी चालवून झाल्यावर बाबा मला मागे बसवून घाटात घेऊन गेले. त्या वळणावर आलो. कठड्याच्या दगडावर गाडीचा रंग लागलेला अजून दिसत होता. मी बाबांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चढ संपेपर्यंत त्यांची दोन बोटं क्लचवरच होती. बाबा मला काही बोलले नाहीत, पण ती बोटं मी कधी विसरलो नाही.

ताईला सायकल पुढच्या वर्षी मिळाली. वर्षभर ती कॉलेजला चालत गेली. मी माझा मातीचा गल्ला फोडून तिला दिला. त्यातून सायकलीची घंटा तेवढी आली. "घंटा आहे, आता सायकल येईलच की," असं म्हणून ती हसली, म्हणून मला जरा तरी तोंड वर करता आलं.

म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. जावा हे नाव २०१८ साली पुन्हा रस्त्यावर आलं, पण नवी गाडी फोर-स्ट्रोक आहे. तिच्या पेट्रोलमध्ये तेल घालावं लागत नाही. आणि विजेच्या गाडीला तर पिस्टनच नाही. तेव्हा तुमच्यावर माझ्यासारखी पाळी यायची नाही.

पण विसरायची पाळी येईलच. गॅस बंद करायचा राहील, कुणाचा निरोप द्यायचा राहील, आजोबांची गोळी आणायची राहील. रात्री अंथरुणात एकदम आठवेल आणि छातीत धस्स होईल. तेव्हा बाबा दहा पावलांवरच असतील. उठा आणि सांगून टाका. बोलणी बसतील, बसू द्या. ती एका रात्रीची असतात.

घरात एखादं यंत्र बिघडलं, तर मोठ्यांबरोबर बसून ते जरूर उघडा. काडेपेट्या मात्र आधी गोळा करून ठेवा हं!